न दिलेलं मत

सर, तुमच्या फ्युनरलसाठी क्रेमॅटोरियममध्ये चाळीस मिनिटांचा स्लॉट मिळाला. लोकांनी आत यायला पाच मिनिटं, बाहेर पडायला पाच. उरली तीस. मेघना म्हणाली, "काका, कोण किती बोलणार ते तुम्हीच ठरवा. बाबा म्हणायचा, मिनिटांचा काम अविनाशला द्यायचा." तुमची मुलगी कार्डिफला जन्मली, चाळिशीला आली आणि तिच्या मराठीत अजून सगळं जग पुल्लिंगी आहे. तुम्ही ते कधी दुरुस्त केलं नाहीत. "शाळेत दिवसभर दुरुस्त्याच करतो रे," म्हणायचात.

मी कागद घेऊन बसलो. मेघनाला दहा मिनिटं, तुमच्या शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याला पाच, प्रार्थनेला तीन. बाकीची बारा नुसतं बसायला ठेवली, कारण नुसतं बसायलाही वेळ लागतो. तेवढ्यात दोन फोन आले.

पहिला निखिलचा. आपल्या मराठी मंडळाचा आताचा अध्यक्ष. "काका, मंडळाकडून मी बोलतो. आठ मिनिटं पुरे. सर फाउंडर होते ना आमचे."

दुसरा सुलभाताईंचा. त्यातून फुटलेल्या दुसऱ्या मंडळाच्या अध्यक्ष. "अविनाश, आमच्यातर्फे मी बोलेन. निखिलला किती दिलीस?"

"अजून काही दिलं नाही, ताई."

"त्याला जेवढी देशील तेवढीच मला दे. एक जास्त नको, एक कमी नको."

मी दोघांनाही शून्य मिनिटं दिली. समान वाटणी झाली, पण समाधान कुणाचंच झालं नाही. मग दोघांनी आपापली शोकसभा जाहीर केली. निखिलची शनिवारी, सुलभाताईंची रविवारी. हॉल तोच. दोघांनीही मला बोलायला बोलावलं आणि दोघांनी कारणही एकच दिलं, "तुम्ही न्यूट्रल आहात." गेल्या नऊ वर्षांत हा शब्द मी कौतुक म्हणून ऐकत आलो. या वेळी तो ऐकून मी फोन ठेवून दिला.

तुमची माझी पहिली भेट कार्डिफच्या रोथ भागातल्या तुमच्या घरात झाली. मी सांगलीहून येऊन तीन वर्षं झाली होती, विमा कंपनीत आकडे तपासत होतो. तुम्ही इथल्या शाळेत इतिहास शिकवत होतात आणि चौदा मराठी कुटुंबं गोळा करून मंडळ काढायचं तुमच्या मनात होतं. मंडळाची घटना लिहायला बसलो आणि मी प्रत्येक कलमावर शंका काढायला लागलो. कोरम किती, अध्यक्ष आजारी पडला तर काय, समसमान मतं पडली तर काय.

"अरे, आपण चौदा कुटुंबं आहोत," तुम्ही म्हणालात. "कॉमनवेल्थ नाही."

"चौदा आहोत तोवरच लिहून घ्यावं, सर. एकशे चाळीस झालो की कुणी लिहू देणार नाही."

तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत आणि मला तिथेच सेक्रेटरी केलंत. समसमान मतं पडल्यास ठराव नामंजूर समजावा, हे कलम त्याच दुपारी मी लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे.

घटनेत नसलेला एक नियम तुमचा होता. गणपतीच्या जेवणाला दारातच प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीवर ज्या टेबलाचा नंबर येईल तिथे बसायचं. पुणेकरांचं टेबल, नागपूरकरांचं टेबल, डॉक्टरांचं टेबल, सॉफ्टवेअरवाल्यांचं टेबल असं होऊ द्यायचं नाही. चिठ्ठ्या मी करायचो. नवराबायकोही वेगळे व्हायचे. पहिल्या वर्षी एकजण चिडून तुमच्याकडे तक्रार घेऊन आले, तेव्हा त्यांच्या मिसेस मागून म्हणाल्या, "सर, काही बदलू नका हं. बारा वर्षांनी पहिल्यांदा शांतपणे जेवतेय." या चिठ्ठ्यांतून दोन लग्नं जमली, एक नोकरी मिळाली. आणि माझ्यासारख्या माणसाला, ज्याला आपणहून कुणाशी बोलणं जमत नाही, त्याला या शहरात ओळखी मिळाल्या. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. आभार मानले असते तर तुम्ही विषय बदलला असतात.

माझे वडील गेले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या अर्जाबरोबर गेलेला होता. सांगलीला जाणं शक्य नव्हतं. तुम्ही सकाळी साडेनऊला आलात, सोफ्यावर बसलात, पिशवीतून मुलांच्या निबंधांचा गठ्ठा काढलात आणि तपासत बसलात. मी शेजारी. दुपारी साडेचारपर्यंत आपण दोघं मिळून फार तर वीस वाक्यं बोललो असू. जाताना तुम्ही म्हणालात, "सव्वीस झाले. चार राहिले, ते उद्या." दुसऱ्या दिवशी ते चार निबंध घेऊन पुन्हा आलात. चार निबंध काही एवढे महत्त्वाचे नव्हते, हे मला फार उशिरा समजलं.

तुमचं वेड म्हणजे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष. मंडळातली पोरंसुद्धा डोळे फिरवायची, "आता सर पहिल्या प्रेसिडेंटवर जाणार." त्या माणसाला तहहयात खुर्ची मिळाली असती, पण दोन टर्म झाल्यावर तो घरी गेला आणि जाताना देशाला दोन गोष्टी सांगून गेला. आपसात प्रांताप्रांतांचे गट करू नका. आणि बाहेर मैत्री सगळ्यांशी ठेवा, पण कायमची बांधिलकी कुणाशी नको. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकच आहे, असं तुमचं म्हणणं. "बाहेरच्या भांडणात तुम्ही कायमची बाजू घेतलीत की ते भांडण तुमच्या घरात राहायला येतं. मग घरातलेच त्याच्यासाठी एकमेकांशी भांडतात." सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना तुम्ही हे तीस वर्षं शिकवलंत. आणि स्वतःच्या दोन टर्म, आठ वर्षं पुरी झाल्यावर, सगळे हात जोडत असताना, तुम्ही खुर्ची सोडलीत.

निरोपाचं भाषण तुम्ही हाताने लिहिलं होतंत. मी घड्याळ लावून वाचलं, एकेचाळीस मिनिटं. "सर, जेवणाआधी पंचविसाच्या वर लोक ऐकणार नाहीत." तुम्ही कागद माझ्याकडे सरकवलेत. "काप मग. तुझा हात निर्दय आहे." मी कापून सव्वीसवर आणलं. तरीसुद्धा विसाव्या मिनिटाला मागून कुणीतरी ओरडलं, "सर, बाप्पालापण भूक लागलीये!" हॉल हसला, तुम्हीही हसलात आणि पुढे वाचत राहिलात. कुठल्या पक्षाच्या, कुठल्या देवळाच्या, कुठल्या मोठ्या संघटनेच्या दावणीला मंडळ बांधू नका. कौन्सिलरला आरतीला बोलवा, सगळ्या पक्षांच्यांना बोलवा, पण मंडळाचं नाव कुणाच्या पत्रकावर जाऊ देऊ नका. मसालेभात थंड होत होता. एकशे दहा माणसांत मन लावून ऐकणारे फार तर पंधरा असतील.

त्यानंतर चार वर्षांनी तो ठराव आला. लंडनच्या एका महासंघाला आपलं मंडळ जोडायचं. निखिल तेव्हा नुकताच कमिटीवर आला होता, हुशार, उत्साही. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भारतातून येणारे कलाकार महासंघामार्फत फिरतात, कार्डिफला कुणी येत नाही, आपल्या मुलांनी काही बघितलेलंच नाही. सुलभाताई उभ्या राहिल्या. तुमच्या भाषणाची आठवण करून दिली. कुणीतरी म्हणालं, "ताई, तो अमेरिकेचा प्रेसिडेंट होता, आपलं गणपती मंडळ आहे."

हात वर करून मतदान झालं. मोजायला मी. हॉलमध्ये मत देऊ शकणारी अठ्ठ्याऐंशी माणसं होती. बाजूने चव्वेचाळीस. विरोधात मोजायला लागलो. तिसऱ्या रांगेत तुमचा हात वर होता, मी तो एकोणचाळिसावा म्हणून मोजला. शेवटचा त्रेचाळिसावा. मी दोनदा मोजलं. आकडा तोच.

अठ्ठ्याऐंशीवा मी होतो. मोजणाऱ्याने मत देऊ नये असं मला वाटलं. मी हात वर केला असता तर चव्वेचाळीस-चव्वेचाळीस झाले असते आणि माझ्याच हाताने लिहिलेल्या कलमाने ठराव पडला असता. मी हे त्या क्षणी हिशोबाने ओळखलं होतं, सर. नंतर नाही. त्या क्षणी. म्हणूनच मला वाटलं की आता तर मुळीच नको, लोक म्हणतील सेक्रेटरीने आकडा बघून मत टाकलं. मी निकाल वाचून दाखवला. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात.

वर्षभरात इथल्या पार्लमेंटची निवडणूक आली. महासंघाने एका उमेदवाराच्या पाठिंब्याचं पत्र काढलं आणि खाली सगळ्या जोडलेल्या मंडळांची नावं घातली. आपलंही. त्या उमेदवाराचं नावही आज कुणाला पटकन आठवणार नाही. पण त्याच्यावरून आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते सगळ्यांना आठवतं. "तुम्ही व्हिसावाले चार वर्षांनी निघून जाल." "तुम्ही सिटिझनशिपवाले आम्हाला पाहुणे समजता." सुलभाताई छत्तीस कुटुंबं घेऊन बाहेर पडल्या. पुढच्या भाद्रपदात कार्डिफला दोन गणपती बसले, एकाच दिवशी, एकमेकांपासून दीड मैलावर. लेझीमसाठी मुलं दोन्हीकडे कमी पडली.

तुम्ही कुठेच गेला नाहीत. घरी शाडूची छोटी मूर्ती बसवलीत. "एकीकडे गेलो तर दुसरे रडणार, दोन्हीकडे गेलो तर दोघं माझा फोटो लावणार," म्हणालात.

त्या आठवड्यात मी तुमच्याकडे चहाला आलो होतो. तुम्ही कप ठेवलात आणि सरळ विचारलंत, "अवि, मोजणाऱ्याने मत द्यायचं नाही, हा नियम कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला नाही. पण तसा संकेत असतो."

"कुणाचा संकेत? घटना तू लिहिलीस."

"सर, तुम्हीच शिकवलंत ना तटस्थ राहायला."

"बाहेरच्यांशी! घरात नाही. भाषणात स्पष्ट म्हटलं होतं मी."

"नव्हतं म्हटलं. टाइप केलेली प्रत माझ्याकडे आहे. तटस्थ हा शब्द दोनदा आलाय, दोन्ही वेळा बाहेरच्यांबद्दल."

"म्हणजे तू कापलंस."

"मी पुनरुक्ती कापली. अर्थ नाही कापला."

मग मला राग आला, आणि मी ते बोललो जे बोलायला नको होतं. "आणि सर, आता तुम्ही दोन्हीकडे जात नाही. मग तुम्हीही तटस्थच की."

तुम्ही खिडकीकडे वळलात. मग म्हणालात, "मी तटस्थ नाही, अविनाश. मी हरलोय." आणि उठून माझा कप धुवायला घेऊन गेलात.

त्यानंतर नऊ वर्षं आपण हा वाद अधूनमधून खेळीमेळीने घालत राहिलो, निदान मला ते खेळीमेळीचं वाटत होतं. तुम्ही विचारायचात, "मत दिलं असतंस तर कुठे दिलं असतंस?" मी म्हणायचो, "जे दिलंच नाही ते सांगायचं कशाला?" मला उत्तर माहीत नव्हतं अशातला भाग नाही. विरोधात, असं एकदा म्हटलं असतं तर पुढचं वाक्यही मला म्हणावं लागलं असतं. माझ्या टापटिपीमुळे, मला कुणी काही म्हणू नये एवढ्यासाठी, तुमचं मंडळ मोडलं. ते वाक्य टाळायला मी नऊ वर्षं उत्तर टाळलं.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नाकाला नळी होती. तुमचं बोलणं तुटक झालं होतं, तरी डोळ्यांत तोच मास्तर. "अवि. आज परत मत घेतलं तर?"

मी म्हणालो, "ठरावाचे शब्द बघावे लागतील, सर."

तुम्ही हसलात. खोकला लागेपर्यंत हसलात, नर्स धावत आली आणि माझ्याकडे रागाने बघून पडदा ओढला. मला वाटलं, छान झालं, हसवलं. पार्किंगचं मशीन वापरताना मी स्वतःवर खूश होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेल्याचा मेघनाचा फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तुम्ही उत्तर मागितलं होतंत आणि मी विनोद दिला.

फ्युनरलच्या आदल्या दिवशी मेघना म्हणाली, "काका, बाबाचा एक फाइल मिळाला. तुमचा हँडरायटिंग आहे त्यात." मूळ भाषण होतं, तुमच्या अक्षरातलं. सातव्या पानावर, माझ्या पेन्सिलीच्या चौकटीत, हा मजकूर. तुम्हाला तो पाठ असेल, पण मला पुन्हा लिहून काढायचा आहे.

"बाहेरच्यांच्या भांडणात तटस्थ राहा असं मी म्हटलं. घरातल्या प्रश्नावर मात्र राहू नका. घरात कुणी चुकीची बाजू घेतली तर त्याची समजूत घालता येते. जो हात वरच करत नाही त्याची समजूत कशी घालणार? तो घर मोडायला हातभार लावतो आणि आपण कुणालाच दुखावलं नाही अशा समाधानात घरी जातो."

शेजारी मी लिहिलंय, "पुनरुक्ती. कापू का?" आणि त्याखाली तुमच्या लाल पेनची बरोबरची खूण. तुम्ही होकार दिला होतात, सर. हे तुम्ही विसरला होतात, आणि नेमकं काय कापलं होतं हे मी. आपण दोघंही बरोबर होतो आणि दोघंही चूक. हे तुम्हाला दाखवायला मिळालं असतं तर तुम्ही तासभर हसला असतात.

क्रेमॅटोरियममधून सगळे जवळच्या व्हिचर्च भागातल्या चर्चहॉलमध्ये चहाला आले. मेघनाने सगळ्यांना एकत्रच बोलावलं होतं. "बाबा एकच आहे, चहापण एकच." निखिलची माणसं खिडकीकडे, सुलभाताईंची किचनकडे, मध्ये रिकामी जागा. मी तिथे उभा राहिलो. मला असं उभं राहून बोलायची सवय नाही, तुम्हाला माहीत आहे. मी ते पान वाचलं. ते कुणी कापलं ते सांगितलं. मग सांगितलं की त्या दिवशी माझं मत विरोधात होतं, मी ते दिलं नाही, आणि दिलं असतं तर काय झालं असतं तो हिशोब मला तेव्हाच कळला होता.

निखिल हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे काका, आमचा ठराव पडला असता?"

"हो."

"आणि नऊ वर्षं तुम्ही आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला येऊन खुर्च्या मोजत होतात?"

"हो. दोन्हीकडच्या."

सुलभाताई उभ्याच होत्या. "नऊ वर्षं, अविनाश! मी लोकांच्या घरी जाणं सोडलं, मैत्रिणी सोडल्या. आणि तू हे आज सांगतोस? त्यांच्या चहाला?" त्यांनी पर्स उचलली आणि निघून गेल्या. मागोमाग बारा-तेरा जण. निखिल राहिला, पण माझ्याशी बोलला नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी मिठ्या मारल्या नाहीत. इतक्या वर्षांनी दोन्ही बाजूंचं एकमत झालं, माझ्यावर चिडण्यात. मेघनाने माझ्या हातात चहा दिला. "काका, बसा." मग माझ्या शेजारी बसून राहिली. निबंध तेवढे नव्हते.

काल दुपारी सुलभाताईंचा फोन आला. आवाज कोरडा होता. "ते पान परत वाच. सावकाश. लिहून घेते." मी वाचलं. त्यांनी दोन ठिकाणी थांबवलं.

"रविवारची सभा मी रद्द करणार नाही," त्या म्हणाल्या.

"बरं."

"शनिवारी मात्र येईन. मागे बसेन. बोलणार नाही. निखिलला सांग, नाव पुकारू नको म्हणावं."

मी निखिलला कळवलं. तो म्हणाला, "येऊ देत." लगेच त्याने विचारलं, "मग रविवारी मला जावं लागेल का, काका?" मी ठराविक उत्तर द्यायला तोंड उघडलं, तुझं तू बघ, म्हणणार होतो. मग म्हणालो, "हो. जायला हवं. माझं मत तरी तसं आहे."

त्याने फोन ठेवला. जाईल का, माहीत नाही. मंडळं अजून दोन आहेत आणि बहुतेक दोनच राहतील. तुम्हाला खोटा दिलासा मी देणार नाही, तुम्ही तो माझ्याकडून कधी घेतलाही नसतात.

त्या चर्चहॉलमध्ये मला धरून शहाण्णव माणसं होती, सर. माझं उत्तर शहाण्णव जणांनी ऐकलं. ज्याने विचारलं होतं तो त्यांत नव्हता.